विसर्जनापर्यंत विचारायचं नाही

काशीत शिंदे घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की एक गल्ली चौकाकडे निघते. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकायचं, एवढीच रुंद. नीलकंठ पाळंदे नेहमी टेकणारा. गाय आली तरी टेके, मणिकर्णिकेकडे जाणारं प्रेत आलं तरी टेके, शाळेतून सुटलेली पोरं आली तरी टेके. त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या तीन खोल्यांत तो, त्याची बायको इंदू आणि मुलगा देवव्रत राहत. पाळंद्यांचा कुणी पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या घाटाच्या बांधकामावर कारकून म्हणून आला आणि इथेच राहिला. त्याच्याबद्दल याहून जास्त कुणाला काही माहीत नव्हतं, आणि कुणी चौकशीही केली नव्हती.

नीलकंठ एका सरकारी हातमाग निगमाच्या दुकानात विक्रेता होता. गिऱ्हाइकासमोर साडी उघडायची, पदर दाखवायचा, नाही म्हटलं की घडी घालून ठेवायची. साडी तो आधी सुलट दाखवी, मग न विचारता उलटी करून दाखवी. मागच्या बाजूचे धागे पाहिल्याशिवाय विणकाम कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचे साहेब म्हणत, पाळंदेजी, उलटी बाजू दाखवून कुणी माल विकतं का? तो हसे आणि दाखवतच राही. या नोकरीवर त्याच्याकडे एक स्कूटर आली, गॅस आला, रंगीत टीव्ही आला. दर दोन वर्षांनी पुण्याला नातेवाइकांकडे जाता येई. पुण्यात त्याच्या मराठीला सगळे हसत. तो म्हणे, आमच्याकडे ही फक्त घरात घालायची भाषा आहे, बाहेर जाताना बदलतो.

एवढंच असतं तर त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण तो उलट सभेचा माणूस होता.

काशीतल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव जुना. त्यात पाचव्या दिवशी दुपारी उलट सभा भरे. कधीकाळी विधवाविवाहावरून मंडळात दोन तट पडले आणि मंडपातच लाठ्या निघाल्या, तेव्हा कुणा वृद्ध शिक्षकाने ही सभा सुरू केली असं सांगतात. नियम सोपे होते. जो ज्या मताचा, त्याने त्याच्या विरुद्ध मताच्या बाजूने बोलायचं, आणि मनापासून बोलायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत. सभा संपली की सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. आणि विसर्जनापर्यंत कुणी कुणाला विचारायचं नाही की बाबा रे, तुझं खरं मत कुठलं. ते विसर्जनानंतर. तोवर बहुतेकांना विचारायची गरजच उरत नसे.

कोणाला कोणती बाजू द्यायची हे एका माणसाने ठरवायचं. नीलकंठचे वडील विश्वेश्वर ते ठरवत, त्यांच्यामागून नीलकंठ. त्यासाठी प्रत्येकाचं मत माहीत असावं लागे, म्हणून तो वर्षभर लोकांचं ऐकत फिरे. पानाच्या दुकानावर, घाटावर, तेराव्याच्या जेवणात. स्वतः फारसा बोलत नसे. इंदू म्हणे, तुम्ही लोकांची मतं गोळा करता आणि घरी रिकामे येता. त्याने एका कडक याज्ञिकाला मासे खाण्याच्या बाजूने उभं केलं होतं. गुरुजी इतके रंगले की त्यांच्या बायकोला संशय आला. आणीबाणीनंतरच्या वर्षी तुरुंगातून आलेल्या माणसाला आणीबाणीची बाजू दिली होती. तो बोलता बोलता मध्येच थांबला, पाणी प्याला आणि पुन्हा बोलला. ती सभा लोक बरीच वर्षं आठवत.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये मंडल आयोगाची घोषणा झाली आणि शहर दोन भागांत उभं राहिलं. विद्यापीठाच्या फाटकावर पोरं बसली, बसच्या काचा फुटल्या. देवव्रत तेव्हा बी.ए. होऊन सरकारी परीक्षांची तयारी करत होता. बापासारखी, किंवा बापापेक्षा थोडी बरी नोकरी. त्याने दुसऱ्या कशाची कल्पनाच केली नव्हती. घरात कुणीच केली नव्हती. त्याला वाटलं, चढायचा जिना कुणीतरी उचलून नेला. तो रोज विद्यापीठाजवळच्या लंका नावाच्या मोहल्ल्यात मित्रांबरोबर घोषणा देऊन घसा बसवून घरी येई आणि हळद घातलेलं दूध पिऊन झोपे.

सभेचा विषय ठरवायला मंडळ बसलं तेव्हा चिटणीस ढुंढिराज मोघे म्हणाले की या वर्षी गूळ बरा की साखर असं काहीतरी ठेवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. नीलकंठ म्हणाला, जिथे भांडण नाही तिथे सभा कशाला? त्यापेक्षा मोदक खाऊन घरी जाऊ. विषय आरक्षण ठरला. आणि आरक्षणाच्या बाजूने पहिलं भाषण त्याने देवव्रतला दिलं.

देवव्रतने त्याला सरळ सांगितलं होतं की या वर्षी नको. नीलकंठला वाटलं, राग आहे तो बोलता बोलता उतरेल. इतरांचा उतरलेला त्याने पाहिला होता. पोराला आपण जाळातून काढतो आहोत असंच त्याला वाटत होतं.

त्या वर्षी दोन गोष्टी नव्या झाल्या होत्या. तरुण पोरांनी आरतीसाठी भोंगा आणून गल्लीच्या तोंडाशी बांधला होता. आणि लहान मुलांना मराठी भाषण जड जातं म्हणून सभा हिंदीत ठेवली होती. पूर्वी सभा मराठीत, दाराच्या आत व्हायची. ऐकणाऱ्या प्रत्येकाला नियम माहीत असायचे. सभेतही भोंगा चालूच राहिला, त्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. भाषेचाही नाही.

देवव्रत आला नाही. त्याचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. मोघ्यांनी नीलकंठकडे पाहिलं. मग नीलकंठ स्वतः उठला आणि मुलाच्या जागी बोलला.

तो आरक्षणाच्या विरुद्ध होता. गल्लीतले बाकीचे होते तसाच, फार विचार न करता. म्हणून बाजू बरोबरच होती. तो म्हणाला की आमच्या घरात कित्येक पिढ्या लिहितावाचता येतं. ते आम्ही मिळवलं असं आम्ही म्हणतो. खरं म्हणजे ते आम्हाला घरात सापडलं, पाटा-वरवंटा सापडतो तसं. ज्याच्या घरात ते पडलेलं नव्हतं त्याला आम्ही विचारतो, तू का नाही उचललंस? आणखीही बरंच बोलला. आयुष्यात तो इतका चांगला कधी बोलला नव्हता. नियमाप्रमाणे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर गल्लीत मात्र कुणीतरी शीळ घातली.

संध्याकाळी देवव्रतचे मित्र खिडकीखाली आले. आरडाओरडा नव्हता. ते फक्त उभे होते, आणि त्यांतला एकजण मधूनमधून वर पाहून म्हणत होता, “अरे देवव्रत, नेताजी घर पर हैं?” बाकीचे हसत होते. देवव्रत खिडकीपासून मागे फिरला. बाप खुंटीवरचा सदरा काढत होता, आरतीला जायची वेळ झाली होती.

“अण्णा, एवढंच सांगा. ते तुमचं मत आहे का?”

नीलकंठने गुंडी लावली. “देवा, विसर्जनापर्यंत विचारायचं नाही. तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. खाली त्यांना माहीत नाही.”

“मग त्यांना नियम सांग.”

“नियम.” देवव्रत हिंदीत आला. रागावला की तो हिंदीतच येई. “एक शब्द बोल दीजिए. हाँ या ना. मैं नीचे जाकर कह दूँगा, बात ख़त्म.”

आतून इंदू म्हणाली, “सांगून टाका ना हो. गणपती काही कान लावून बसलेला नाही.”

नीलकंठने सदऱ्याची शेवटची गुंडी लावली. “नाही” एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं, निदान त्या दुपारपर्यंत खरं होतं. पण त्याला वाटलं, भीतीपोटी आज मी सांगितलं तर पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाकडून वदवून घेतील आणि सभा संपेल. आणि दुसरंही काहीतरी होतं. दुपारी बोलताना त्याचं स्वतःचं बोलणं त्याला थोडं पटलं होतं. किती पटलं ते अजून कळायचं होतं.

“विसर्जन झालं की सांगतो,” तो म्हणाला. “सगळं सांगतो. थोडे दिवस थांब.”

देवव्रत खाली गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज आला, मग गल्लीत बऱ्याच चपलांचा.

अनंत चतुर्दशीला गंगा फुगलेली होती. घाटांच्या खालच्या पायऱ्या, बुरुज, छत्र्या सगळं पाण्याखाली. मूर्ती नावेतून न्यायची सोय नव्हती, वरच्याच पायरीवरून सोडावी लागली. नीलकंठ गुडघाभर पाण्यात उभा होता आणि मनात उत्तर जुळवत होता. मी विरुद्ध होतो. बोलताना निम्मं पटलं. निम्मा अजून विरुद्धच आहे, कारण तू माझा मुलगा आहेस आणि मला तुझी काळजी वाटते. हे असं सांगायचं. मग तो काय म्हणेल ते ऐकायचं. ओल्या धोतराने तो घाईघाईत घरी आला.

इंदू दारातच म्हणाली की देवव्रत कपडे घेऊन लंकेवर मित्राच्या खोलीत राहायला गेला. परीक्षेचा अभ्यास तिथे बरा होतो म्हणाला.

मित्राच्या खोलीत अभ्यास झाला नाही. आंदोलन झालं, मग आंदोलनातून पक्ष. आरक्षणाविरुद्ध जमलेल्या पोरांना पक्षाने अयोध्येच्या मंदिराचं काम दिलं आणि त्यांनी ते घेतलं, कारण दुसरं काम नव्हतं. देवव्रत महिन्यातून एकदा घरी येई, आईशी बोले, जेवे, जाई. बापाशी बोलायचं टाळत होता असंही नाही. पाणी द्या, पंखा लावा, एवढं बोले. प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. नीलकंठ प्रत्येक वेळी वाट पाही. न विचारता सांगणं त्याला जमत नव्हतं. बाजू मांडायची तर कुणीतरी पुकारावं लागतं, ही त्याची जन्माची सवय.

बाकीच्यांनी त्याचं उत्तर गृहीत धरलं होतं. गल्लीत त्याला नेताजी म्हणू लागले. निवडणुकीच्या सुमारास पलीकडच्या मोहल्ल्यातले, आरक्षणाच्या बाजूचे एक पुढारी जिना चढून आले. हातात हार होता. त्यांनी भोंग्यावरचं भाषण ऐकलं होतं. त्यांच्या सभेत एका ब्राह्मणाने हे बोलावं अशी त्यांची इच्छा होती. नीलकंठने त्यांना चहा दिला आणि शांतपणे सगळं समजावलं. उलट सभा, तिचे नियम, मुलगा आला नाही म्हणून आपण कसे उभे राहिलो. पुढारी ऐकत होते. मग हसले.

“डर रहे हैं पंडितजी,” ते म्हणाले. “कोई बात नहीं. ऐसे समय में सब डरते हैं.”

हार त्यांनी खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि गेले. इंदूने तो संध्याकाळी देवाला घातला.

पुढच्या वर्षी निगमाच्या दुकानातले निम्मे दिवे लागेनासे झाले. वरून माल येत नव्हता. मग पगार उशिरा येऊ लागला, मग येईनासा झाला. साहेब लखनौला गेले ते तिकडेच राहिले. नीलकंठ तरी रोज जाई, कुलूप उघडी, उरलेल्या साड्या उलगडून पुन्हा घडी घाली, म्हणजे घडीवर चिरत नाहीत. कुणी आलंच तर दोन्ही बाजू दाखवी. त्याच साड्यांची छापील नक्कल सुरतेहून येत होती, ती गोदौलिया चौकाच्या फुटपाथवर ढिगाने मिळे. तिला मागची बाजू दाखवण्यासारखी नव्हती आणि कुणी मागतही नव्हतं. एक दिवस दुकानाला बाहेरून सरकारी सील लागलं.

स्कूटर गेली. गॅस होता, पण इंदू सकाळचा स्वयंपाक स्टोव्हवर करू लागली. पुण्याला जाणं बंद झालं. तिथल्या लोकांना वाटलं, काशीकर विसरले. नीलकंठ साड्यांच्या बाजारात, कुंजगलीत, एका व्यापाऱ्याच्या गादीवर लागला. काम तेच, साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. निगमात त्याला खुर्ची होती, इथे पांढऱ्या गादीवर मालक आणि गिऱ्हाईक बसत आणि तो कडेला उभा राही. मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, मागची बाजू नाही दाखवायची. नीलकंठने बरं म्हटलं. त्याला वाईट वाटलं का, असं इंदूने रात्री विचारलं. तो म्हणाला, पाय दुखतात.

मंडळाचंही तसंच झालं. एक्याण्णवला उलट सभा घेतली नाही. मोघे म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी मंडळंच दोन झाली. जुन्या जागेत जुनं, आणि घाटाकडच्या बाजूला तरुणांचं नवं, भगव्या कमानीचं. ज्यांना कुठलंच नको होतं ते सुरुवातीला दोन्हीकडे जाऊन नमस्कार करत. मग कुणी कुठे आधी गेलं याची चर्चा व्हायला लागली, तेव्हा ते घरीच बसू लागले. मोघे मुलाकडे इंदूरला निघून गेले. नीलकंठकडे दोन्हीकडून प्रसादाची ताटं आली. ताटं आणणारी माणसं दारातच थांबली, हा कुठलं आधी तोंडात घालतो ते पाहायला. इंदूने दोन्ही ताटं त्यांच्या देखत एका पातेल्यात रिकामी केली, ढवळली, आणि ताटं धुऊन परत दिली.

डिसेंबरात अयोध्येत मशीद पडली आणि शहरात कर्फ्यू लागला. त्याच्या आदल्या आठवड्यात गावाबाहेर गेलेला देवव्रत कर्फ्यूत ढील मिळाली तेव्हा घरी आला. दाढी वाढलेली, आवाज पार गेलेला. आल्या आल्या झोपला. उठला तेव्हा पुन्हा कर्फ्यू होता. मग कितीतरी दिवस ते तिघं त्या तीन खोल्यांत होते. बाहेर बूट वाजत, कुठेतरी लांबून आरडाओरडा येई, माकडं मात्र कर्फ्यूतही गच्च्यांवरून हिंडत. दूध नव्हतं. इंदू कोरा चहा करी. बापलेक एकाच खाटेवर बसून टीव्हीवरच्या बातम्या पाहत. इंदूला वाटत होतं, आता तरी हे बोलतील, कुठे जाणार आहेत. ती मुद्दाम आत जाई, भांडी वाजवत बसे. बाहेर येई तेव्हा दोघं तसेच.

देवव्रत पक्षाच्या ऑफिसात परत गेला नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही. आता तिथे त्याच्यासारख्या पोरांचं काम नव्हतं. ज्यांच्या घरी जीप होती त्यांचं होतं. तो काही दिवस खिडकीत बसून राही. होळीनंतर त्याने सांगितलं की एका मित्राचा मामा सुरतेला साडीच्या कारखान्यात आहे, तिथे माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेखीचं काम आहे.

“कसल्या साड्या?” इंदूने विचारलं.

“बनारसी,” देवव्रत म्हणाला.

नीलकंठ पोळीचा तुकडा मोडत होता. त्याने आमटी मागितली.

जायच्या दिवशी नीलकंठ मालकाला सांगून घरी राहिला. देवव्रतने पेटी दाराशी आणली, आईच्या पाया पडला, बापाच्या पाया पडला. जिन्याच्या तोंडाशी नीलकंठने त्याच्या दंडाला हात लावला. कुणी पुकारलं नव्हतं, तरी तो बोलला.

“देवा, त्या वेळचं माझं मत—”

“राहू द्या अण्णा.” देवव्रतच्या आवाजात राग नव्हता. तो मराठीतच बोलत होता. “तुम्ही हो म्हटलं असतं तरी आता मला काही नाही, आणि नाही म्हटलं असतं तरी नाही. माझं स्वतःचंच काही राहिलेलं नाही.”

“तुला ऐकायचं नाही?”

“गाडी आहे ना.”

त्याने पेटी खांद्यावर घेतली. जिना अंधारा होता, तो पाय चाचपत उतरला. नीलकंठ खिडकीशी आला. खाली गल्लीत समोरून एक प्रेत येत होतं, राम नाम सत्य है म्हणत माणसं झपाझप चालत होती. देवव्रत पेटीसकट भिंतीला टेकून उभा राहिला. ती सगळी पुढे गेल्यावर तो चौकाच्या दिशेने वळला.

इंदू तांदूळ निवडत बसली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “सांगितलंत का?”

“नको म्हणाला.”

“मला सांगा. मीही कधी विचारलं नाही.”

नीलकंठ तिच्यासमोर पाटावर बसला. त्याने घसा साफ केला. सवयीप्रमाणे आधी समोरच्या बाजूचं सांगायला लागला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना काही मिळालं नाही त्यांचं. ते त्याने नीट मांडलं, कुठेही न अडखळता. मग स्वतःच्या बाजूकडे वळला आणि ज्यांच्या पोरांना आता कुठेच जागा नाही त्यांचं सांगितलं. तेही नीट मांडलं. ती दुसरी बाजूही त्याला समोरच्याचीच वाटली. तो थांबला. आणखी काहीतरी यायचं होतं, पुराच्या पाण्यात उभा असताना ते त्याच्याकडे होतं, आता सापडेना. इंदू सुपातला हात थांबवून वाट पाहत होती.

“आणि तुमचं?” ती म्हणाली.

त्याने सुपातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. खालून दूधवाल्याची हाक आली. इंदू आणखी थोडा वेळ बसली, मग गुडघ्यावर हात टेकून उठली, पातेलं घेतलं आणि खाली गेली.